नाशिकची वाइन सहल: गाडी काढण्याआधी हा हिशेब करा

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत जाऊन वाइन चाखायची तर खर्च किती येतो? मुंबई-ठाण्याहून चौघांनी स्वतःच्या गाडीने जायचे, शहरातल्या साध्या हॉटेलात एक रात्र राहायचे, दोन वायनरी पाहायच्या आणि नीट जेवायचे, तर माणशी ५ ते ७ हजार रुपये धरा. शनिवारी वायनरीच्याच रिसॉर्टमध्ये मुक्काम केलात तर हाच आकडा माणशी दहा हजारांच्या पुढे सहज जातो. यात प्रत्यक्ष वाइनचा वाटा लहान असतो. पैसे जातात ते खोलीत, गाडीत आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या ओळींत. आणि एक खर्च बहुतेक लोक अंदाजात धरतच नाहीत, तो म्हणजे गाडी कोण चालवणार याचा. आधी तो ठरवा. खोली, जेवण, बाटल्या सगळे त्यानंतर.

कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार दंड किंवा दोन्ही. इथे रस्त्यावर पावती फाडून सुटका होत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. अपघात झाला तर चालकाने मद्य घेतले होते या कारणावरून विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारते. दहा लाखांच्या गाडीचा पुढचा भाग चेपला तर तो खर्च पूर्ण तुमचा.

‘आम्ही फक्त चाखणार आहोत, पिणार नाही’ हे वाक्य फसवे आहे. चाखण्याच्या एका सत्रात साधारण पाच-सहा वाइन देतात, प्रत्येकी २५ ते ३० मिलिलिटर. म्हणजे सगळे मिळून दीडशे मिलिलिटर, एक भरलेला ग्लास. वाइनमध्ये अल्कोहोल १२ ते १४ टक्के असते, म्हणजे त्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल झाले. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातली पातळी एवढ्याने ३० मिलिग्रॅमची रेषा गाठते. त्याच वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ती आणखी वर जाते. ही गोष्ट एका वायनरीची. दुसरीकडे गेलात की तुम्ही रेषेच्या बरेच पलीकडे असता. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा हबका यांनी रक्तातले अल्कोहोल उतरत नाही, त्याला तासच लागतात.

यावर मार्ग चार. पहिला फुकटचा: चौघांपैकी एकाने त्या दिवशी काहीच घ्यायचे नाही. नुसते ‘कमी घेईन’ चालणार नाही. त्याच्यासाठी चाखण्याचे तिकीट घेऊ नका. न पिणाऱ्यासाठी वेगळा दर असतो का, फळांचा रस मिळतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. दुसरा मार्ग, तुमची गाडी चालवायला दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हर घ्या. नाशिकमध्ये आठ-दहा तासांचे साधारण ८०० ते १,५०० रुपये होतात, पुढे प्रत्येक तासाचे वेगळे पैसे. हॉटेलच्या रिसेप्शनवर सांगितले तर ते माणूस देतात, पण त्यांच्यामार्फत घेतलात तर दर थोडा चढा असतो. ड्रायव्हरचा परवाना पाहा आणि फोटो काढून ठेवा. यात संकोच वाटायचे कारण नाही. गाडी तुमची आहे.

तिसरा मार्ग नाशिकमधली टॅक्सी. आठ तास-८० किलोमीटरचे पॅकेज लहान गाडीला २,५०० च्या आसपास, मोठ्या गाडीला साडेतीन हजारांपर्यंत. गंगापूर रस्त्याच्या वायनरींसाठी हे पुरते, दिंडोरी जोडलीत तर किलोमीटर वाढतात. मोबाइल अ‍ॅपवरची टॅक्सी वायनरीपर्यंत सोडते, पण संध्याकाळी परत यायला तिथे गाडी मिळेल याची खात्री नसते, आणि मिळाली तरी भाडे दुप्पट दिसते. त्यामुळे येण्याजाण्याची गाडी एकच ठेवा. चौथा मार्ग मुंबई-पुण्याहूनच गाडी करून जाण्याचा. सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त छुपे खर्च असलेला हाच. किलोमीटरला १२ ते १५ रुपये हा दर ऐकून हुरळू नका. दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे लागतातच. मोजणी तुमच्या दारापासून नव्हे, त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ३०० ते ५०० रुपये, रात्री दहा-अकरानंतर नाइट चार्ज, टोल आणि पार्किंग वेगळे. हे सगळे धरून एकूण आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. तोंडी बोलीला संध्याकाळी किंमत राहत नाही.

स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेणार असाल तर नंबर प्लेट पाहा. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. काही झाले तर विमा तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

आता रस्ता. मुंबई ते नाशिक साधारण १७० किलोमीटर. जुना महामार्ग भिवंडी-पडघा-शहापूर-कसारा घाटाने जातो. ठाण्यातून वडपेपर्यंतच्या टप्प्यात वेळ जातो, म्हणून सकाळी सहाच्या आत ठाणे ओलांडा. साडेसातला निघालात तर दीड तास जास्त धरा. या मार्गावर पडघ्याजवळ आणि घोटीला टोलनाके आहेत. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

दुसरा पर्याय समृद्धी महामार्गाचा. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे कसारा घाट टळतो, पावसाळ्यातल्या धुक्यात तर हे फार मोलाचे आहे. कारला किलोमीटरमागे साधारण दोन रुपये टोल पडतो, म्हणजे या टप्प्याचे एका बाजूचे दीडशेच्या आसपास. इगतपुरीला उतरून नाशिककडे वळलात की घोटीचा नाका आहेच, तो टोल वेगळा. वेगमर्यादा सपाटीवर ताशी १२०, घाटाच्या भागात १००. ई-चलान घरी येते, त्यामुळे ‘कुणी अडवले नाही’ याचा अर्थ दंड झाला नाही असा नाही. दुचाकीला समृद्धीवर मनाई आहे.

पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर. चाकणची कोंडी, मग चाळकवाडी, हिवरगाव पावसा आणि शिंदे हे टोलनाके. पाच तास धरा, चारात पोहोचलात तर आनंद.

टोलचे दोन बारकावे. फास्टॅगमध्ये पैसे नसतील आणि रोख दिलेत तर दुप्पट टोल लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरलात तर सव्वापट. दुसरे, २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. तिथे तुमच्या फास्टॅगमधले पैसे कापले जाणारच. पास आहे म्हणून शिल्लक शून्य ठेवू नका.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. मुंबईहून जाऊन येऊन आणि तिथे फिरून ४०० किलोमीटर. लिटरला १५ चे अ‍ॅव्हरेज आणि १०४ रुपये भाव धरला तर २,८०० रुपये. जातायेता टोल मिळून ५०० ते ७०० रुपये.

गाडीशिवायही ही सहल होते आणि मला विचाराल तर दोघांसाठी तीच किफायतशीर. मुंबई-शिर्डी वंदे भारत सकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि नऊच्या आत-बाहेर नाशिकरोडला पोहोचवते. तिथून टॅक्सीचे पॅकेज घ्यायचे. एक लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन आणि गंगापूर रस्त्याच्या वायनरी शहराच्या दोन टोकांना आहेत. वीस किलोमीटर आणि पाऊण तास ते तास इथेच जातो, म्हणून पॅकेज स्टेशनपासून सुरू होते की हॉटेलपासून, हे आधी विचारा.

कुठे जायचे? नकाशावर तीन पुंजके दिसतील. एका दिवसात एकच पुंजका करा.

पहिला गंगापूर धरणाच्या बाजूचा. शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून (सीबीएस) दहा-बारा किलोमीटरवर सुला, आणि पुढे गंगाव्हरे शिवारात यॉर्क आणि सोमा. तिन्ही एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. सर्वांत जास्त गर्दी सुलाला होते. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, पण जागा लहान आणि तुलनेने शांत, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. पहिल्यांदाच जात असाल तर हाच पुंजका घ्या. शहर जवळ, रस्ता बरा, जेवणाची सोय जागेवर.

दुसरा इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावचा. घोटीहून आत वळायचे, मुकणे धरणाच्या परिसरात व्हॅलोने आणि ग्रोव्हर झम्पा. मुंबईकरांसाठी हा सर्वांत सोयीचा, कारण नाशिक शहरात शिरावेच लागत नाही. डोंगर, पाणी आणि कमी माणसे. मात्र आतले रस्ते अरुंद आहेत, पावसाळ्यात खड्डे लागतात आणि अंधार पडल्यावर दिवे नसतात. टाकी महामार्गावरच भरून घ्या. आधी फोन न करता जाऊन उभे राहिलात तर फाटकावरून परतण्याची वेळ येऊ शकते.

तिसरा दिंडोरीचा. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. इथे शँडन ही बुडबुडेवाली, म्हणजे स्पार्कलिंग वाइन करणारी वायनरी आहे. तीही आधी वेळ ठरवूनच. निफाड-विंचूरकडेही वायनरी आहेत, विंचूरला तर खास वाइन पार्क आहे, पण तिथला बराचसा भाग कारखान्यांचा. निसर्ग पाहायला निघालेल्या माणसाने तिकडे वाकडी वाट करू नये.

दिवसाला दोन वायनरी पुरेत. एका ठिकाणी फेरफटका अर्धा तास, चाखणे पाऊण तास, जेवण दीड तास, आणि नुसते बसायला तास. तिसरी वायनरी घुसवलीत की चव कळत नाही आणि पैसे तेवढेच जातात. पहिली वायनरी सकाळी अकराच्या सुमाराला गाठा. तेव्हा माहिती देणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. दुपारी चारनंतर सूर्यास्ताची गर्दी सुरू होते आणि टेबलासाठी थांबावे लागते.

कधी जायचे हे तुम्हाला काय पाहायचे यावर आहे. वेलीवर द्राक्षांचे घड आणि वायनरीत चाललेले गाळपाचे काम पाहायचे असेल तर जानेवारी ते मार्च. पायाने द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रमही याच काळात असतो, त्याचे तिकीट वेगळे. मार्चअखेर काढणी संपते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत नुसत्या काड्या दिसतात आणि वर ऊन. पावसाळ्यात डोंगर हिरवे, धरण भरलेले, वेलींना पाने भरपूर, पण घड नाहीत. जुलैत जाऊन ‘द्राक्षे कुठे आहेत’ विचारणारे दरवर्षी भेटतात. फोटोत घड दाखवून पावसाळी पॅकेज विकणाऱ्यांपासून सावध राहा. सुलाफेस्ट हा सुलाचा संगीत महोत्सव साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. संगीतासाठी जाणार असाल तर उत्तम, निवांत वाइन चाखायची असेल तर तो आठवडा टाळा, कारण शहरातल्या साध्या हॉटेलांचेही दर चढतात.

वार फार महत्त्वाचा. मंगळवार ते गुरुवार खोली जवळपास निम्म्या भावात मिळू शकते, प्रवेशाचे पैसेही काही ठिकाणी कमी असतात किंवा नसतात. शनिवारी तीच खोली दुप्पट, वर ‘किमान दोन रात्री’ची अट.

ड्राय डे विसरू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर सर्वांना माहीत असतात, फसायला होते ते आषाढी आणि कार्तिकी एकादशीला आणि अनंत चतुर्दशीला. निवडणुकीत मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही कोरडा असतो, मग निवडणूक लोकसभेची असो की महापालिकेची. त्या दिवशी वायनरीचे फाटक उघडे असले तरी चाखायला मिळणार नाही, बाटलीही विकत मिळणार नाही. आगाऊ पैसे भरताना ‘ड्राय डे जाहीर झाला तर परतावा मिळतो का’ हे विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट, नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची. ऑक्टोबर २०२६ मध्ये ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने आहेत. स्नानांच्या दिवसांत शहरात गाड्यांवर निर्बंध असतात आणि खोल्यांचे भाव विचारायची सोय नसते. त्या काळात वाइन सहल ठरवू नका, ठरवायचीच तर सांजेगावची करा.

कागदपत्रे थोडीच लागतात. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र न्या, आधार किंवा वाहन परवाना. महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. विशीतल्या मुलांना सोबत नेत असाल तर ओळखपत्र विचारले जाते आणि विचारलेच पाहिजे. लहान मुलांना आवारात येऊ देतात, पण त्यांचे प्रवेशशुल्क आहे का ते पाहा. गाडीचे आरसी, विमा, पीयूसी आणि तुमचा परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तरी चालते, मूळ प्रती लागत नाहीत. मात्र ते घरीच उघडून पाहा. आतल्या रस्त्यांवर नेटवर्क जाते. आणि बाटल्या गाडीतून घरी आणणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना जवळ असलेला बरा. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १,०००. ऑनलाइन मिळतो. आजीवन काढून टाका, कटकट संपते.

आता वायनरीच्या दारातले पैसे. इथेच लोक गोंधळतात, म्हणून नीट वाचा. प्रवेश, फेरफटका आणि चाखणे हे तीन वेगळे खर्च असू शकतात. काही ठिकाणी प्रवेशाचे पैसे खाण्यापिण्याच्या बिलातून वजा होतात, काही ठिकाणी त्यांतले थोडेच वजा होतात, काही ठिकाणी अजिबात नाही. दारात विचारायचा प्रश्न एकच: ‘हे पैसे बिलात वळते होतात का, आणि बाटली विकत घेतली तरी होतात का?’ पुष्कळदा जेवणावर होतात, बाटलीवर होत नाहीत. चाखण्याचे दर साधारण माणशी ४०० ते १,००० रुपये. महागड्या सत्रात चांगल्या दर्जाच्या, लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइन असतात. पहिल्या वेळी साधे सत्र घ्या, फरक कळायला थोडी सवय लागते.

काउंटरवर क्रम ठरलेला असतो. आधी बुडबुडेवाली, मग पांढरी, मग रोझे, मग शिराझ किंवा कॅबर्नेसारखी लाल, शेवटी गोड. काउंटरवर एक भांडे ठेवलेले असते, ते थुंकण्यासाठी आणि उरलेली वाइन ओतण्यासाठी. बेधडक वापरा. वाइनच्या धंद्यातले लोक असेच चाखतात. दिसले नाही तर मागून घ्या. आवडली नाही ती वाइन संपवण्याचे तुमच्यावर बंधन नाही. मधे पाणी प्या, पण ते साधे मागा. न विचारता फोडलेली सीलबंद बाटली बिलात येते.

बिल आले की लगेच कार्ड काढू नका, दोन मिनिटे वाचा. मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. म्हणजे जेवण आणि वाइन यांची बेरीज वेगळी दिसली पाहिजे आणि जीएसटी फक्त जेवणावर पाहिजे. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. पण ज्या हॉटेलात खोलीचे भाडे साडेसात हजारांच्या वर जाते, तिथल्या उपाहारगृहात १८ टक्के. वायनरीच्या रिसॉर्टमध्ये जेवताना हा फरक चटका देतो. चौघांच्या ४,००० रुपयांच्या जेवणावर एकीकडे २०० रुपये कर, दुसरीकडे ७२०.

मग ‘सर्व्हिस चार्ज’. पाच ते दहा टक्क्यांची ही ओळ कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ती सक्तीने लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. शांतपणे सांगा, ‘ही ओळ काढून द्या.’ काढतात. वाढणाऱ्या मुलाला बक्षिसी द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या, त्याला ती नक्की पोहोचते.

छोटे छोटे खर्चही मोजा. मोठा कॅमेरा किंवा प्री-वेडिंग फोटोशूट असेल तर वेगळे शुल्क, काही ठिकाणी हजारांत. पार्किंग बहुतेक ठिकाणी मोफत, पण गर्दीच्या दिवशी बाहेर शेतात गाडी लावायला कुणी पैसे मागितले तर पावती मागा. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून आधी नाशिकमध्ये मिसळ खाऊन जा. पैसे वाचतात आणि पोट भरलेले असल्याने वाइनही लवकर चढत नाही.

मुक्कामाचा हिशेब. शहरात गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या परिसरात स्वच्छ खोली ३ ते साडेचार हजारांत मिळते. वायनरीच्या रिसॉर्टमध्ये आठ हजारांपासून पुढे, सुट्टीच्या दिवशी पंधरा-वीस हजारही. इथे कराची पायरी लक्षात घ्या. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकासाठी बाराशे जातात. बुकिंग करताना कर धरूनच तुलना करा. रिसॉर्टची खोली घ्यायची तर एकाच कारणासाठी घ्या, ते म्हणजे संध्याकाळी गाडीला हात लावावा लागत नाही. त्या दरात फेरफटका आणि चाखणे धरलेले असेल तर ती प्रत्यक्षात तितकी महाग पडत नाही. धरलेले नसेल तर शहरात राहा.

नावाजलेल्या रिसॉर्टच्या नावाने खोट्या वेबसाइट निघतात. शोधात सर्वांत वर दिसणारा फोन नंबर खरा असतोच असे नाही. वैयक्तिक यूपीआय खात्यावर आगाऊ रक्कम मागितली की थांबा. वायनरीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर घ्या, तिथे फोन करून बुकिंग क्रमांक पडताळा, मगच पैसे भरा.

बाटल्या घ्यायच्या का? स्वस्त मिळतात या समजुतीने घेऊ नका. बाटलीवर छापील किंमत असते आणि तीच वाइन तुमच्या गावातल्या दुकानातही त्याच किमतीला किंवा सवलतीत मिळते. दुकानात न येणारी, फक्त वायनरीतच विकली जाणारी वाइन असेल तर मात्र जरूर घ्या. तिथे पहिला प्रश्न हाच विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका आणि बिल जपून ठेवा, वाटेत तपासणी झाली तर तेच दाखवायचे आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन दोन-तीन तासांत बिघडते, बूच वर सरकते आणि चव शिजल्यासारखी होते. म्हणून खरेदी परतीच्या वाटेवर, शेवटी करा आणि थर्माकोलचा खोका घरून न्या. विमानाने जाणार असाल तर बाटल्या चेक-इन सामानात ठेवा, हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

आता सर्वांत कळकळीची सूचना. नाशिकहून पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याला जातात, अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. डिकीतली एक सीलबंद बाटलीसुद्धा तिथे गुन्हा ठरते, अटक होऊ शकते, गाडी जप्त होऊ शकते आणि ती सोडवायला महिने जातात. नाशिकचे बिल, महाराष्ट्राचा परवाना, ‘आम्ही पर्यटक आहोत’ यातले काहीच उपयोगी पडत नाही. पेठमार्गे धरमपूर-वलसाडकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. सापुतारा करायचा असेल तर आधी करा, वाइन नंतर. उलटा क्रम झालाच तर बाटल्या नाशिकच्या हॉटेलात ठेवून जा आणि परतताना घ्या.

चौघांचा एका रात्रीचा, आठवड्याच्या मधल्या दिवसांचा हिशेब असा बसतो. पेट्रोल २,८००, टोल ६००, शहरातल्या दोन खोल्या करासह ८,५००, एका दिवसाचा ड्रायव्हर १,२००. दोन ठिकाणी चाखणे, तिघांचे प्रत्येकी ६०० प्रमाणे ३,६००. जेवणखाण दोन दिवसांचे ८,०००. एकूण २४,७००, म्हणजे माणशी सव्वासहा हजारांच्या जरा खाली. चौथा काही घेणार नसेल तर ड्रायव्हरचे १,२०० वाचतात, पण माझे मत विचाराल तर ते वाचवू नका. चौथ्यालाही चाखू द्या, दोन्ही ठिकाणच्या तिकिटांचे १,२०० वाढतील, बाकी दिवस सगळ्यांचा होईल. बाटल्या यात धरलेल्या नाहीत. बऱ्या बाटलीला ८०० ते १,५०० मोजा.

बिलात न सांगितलेली रक्कम लागली, सर्व्हिस चार्ज काढायला नकार मिळाला किंवा आगाऊ पैसे अडकले, तर तिथे वाद घालत बसू नका. बिलाचा आणि दरफलकाचा फोटो काढा, पैसे यूपीआय किंवा कार्डनेच द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि बिल हातात असेल तर तक्रार पाच मिनिटांत नोंदवून होते.